माझा एक भाऊ होता

"काय वाचतेस?" मी विचारलं.

"वाचत नाहीये. मला वाचता येत नाही हे," कुंदा भालशंकर म्हणाली आणि मांडीवरची वही तिनं माझ्यापुढे धरली.

बार्शीतल्या एका कॉलेजच्या आवारात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, आम्ही पत्रावळी घेऊन बसलो होतो. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी आणि मूठभर बुंदी. अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी. राज्यस्तरीय वक्तृत्व स्पर्धेची सकाळची फेरी नुकतीच संपली होती. सव्वीस जणांतून पाच जण अंतिम फेरीसाठी निवडले होते, त्यात आम्ही दोघंही होतो. ती सोलापूरची, मी लातूरच्या कॉलेजचा. त्या शैक्षणिक वर्षात आमची ही सहावी गाठ. आधीच्या पाचही स्पर्धांत ती पहिली आली होती आणि मी दुसरा.

पाच वेळा दुसरं येणं काय असतं, ते कधीच दुसरा न आलेल्याला सांगून कळत नाही. सातवा-आठवा आलेला माणूस घरी जातो, विसरतो. दुसऱ्याला मंचावर बोलावतात, टाळ्या वाजवतात, आणि मग पहिल्याचं नाव पुकारेपर्यंत तिथंच उभं करतात. पाच वेळा मी हातात प्रमाणपत्र धरून कुंदाला खुर्च्यांच्या रांगेतून वर येताना पाहिलं होतं. उंच, काळीसावळी, घट्ट एक वेणी, पायात रबरी चप्पल. ती धावत यायची नाही. बस थांब्यावर आली की माणूस उठतो, तशी उठून यायची.

मी वही हातात घेतली. पान न् पान हुकांसारखे आकडे, गाठी, अर्धवर्तुळं आणि ठिपक्यांनी भरलं होतं.

"शॉर्टहँड," मी म्हणालो.

"हं. माझ्या अण्णाचं. थोरल्या भावाचं. आज चार वर्षं झाली त्याला जाऊन. आजच्या दिवशी बरोबर ठेवते मी ही वही."

मी वही मिटून तिला परत दिली. मग तिनंच सांगितलं. आम्ही एकमेकांना आडनावानं हाक मारायचो, स्पर्धेपलीकडे कधी बोललो नव्हतो. त्या दुपारी ती का बोलली, मला माहीत नाही. कदाचित बरोबरच्या मॅडम जेवून आडव्या झाल्या होत्या आणि ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

अण्णाचं नाव यशवंत. बावीस वर्षांचा. शॉर्टहँडच्या क्लासला जात होता, कोर्टात लघुलेखक व्हायचं म्हणून. मग किडन्या गेल्या. दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हा डॉक्टरनं वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन महिने, फार तर तीन. ते अण्णालाही माहीत होतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कुंदाला रेडिओ लावायला सांगितलं, पाठीमागे उशा लावून बसला आणि सकाळच्या बातम्या शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायला लागला. रोज. हात सुजले तरी. पेन्सिल धरवेना तेव्हा ती बोटांना चिंधीनं बांधून घ्यायचा.

"मी एकदा चिडले त्याच्यावर," कुंदा म्हणाली. "म्हटलं, अण्णा, आता कशाला? कोण घेणारे तुझी परीक्षा?"

"मग?"

"म्हणाला, सकाळ होतेच ना. मग तिचं काहीतरी करायला पाहिजे."

मी भाकरी हातात धरून तसाच ऐकत होतो. हे मी आवर्जून सांगतो, कारण त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खरं होतं.

"हे शेवटचं पान," तिनं वही मागून उघडली. पाच-सहा ओळी होत्या. शेवटची ओळ खाली घसरत गेली होती. "त्या दिवशी रेडिओ लावला नव्हता. मी शाळेत होते. आई म्हणते, लिहीत होता काहीतरी. संध्याकाळी गेला."

"मग वाचून घेतलं नाहीस कुणाकडून? सोलापुरात टायपिंगच्या क्लासवाले कितीतरी असतील."

"गल्लीच्या तोंडाशीच आहे एक."

"मग?"

तिनं वही मिटली. "आदल्या दिवसाच्या बातम्या पुन्हा लिहिल्या असल्या, धरणातलं पाणी आणि कापसाचे भाव, तर मला वाईट वाटेल. माझ्याबद्दल काही लिहिलेलं असलं तर त्याहून वाईट वाटेल. आहे ते असू दे."

"भाषणात कधी आणलं नाहीस हे."

"हे भाषणात आणायचं असतं का?" ती हसली. "खा की देवणीकर. बुंदी तशीच राहिली तुझी."

साडेतीन वाजता पाचही जणांना सभागृहाशेजारच्या खोलीत बसवलं. अंतिम फेरी उत्स्फूर्त भाषणाची. एक चिठ्ठी उघडायची, पाचांना एकच विषय, तयारीला वीस मिनिटं, बोलायला सात. संयोजकांनी चिठ्ठी उघडून वाचली: ‘जगण्याला अर्थ असतो का?’

मी कुंदाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. समोरचा कोरा कागद तिनं पालथा घातला.

खरं तर हा विषय माझा होता. आमचे अंबुलगेकर सर तत्त्वज्ञान शिकवायचे. वक्तृत्वाची तयारीही तेच करून घ्यायचे. दोन वर्षं त्यांच्या घरी जाऊन मी हेच ऐकत आलो होतो. गळ्याला मफलर गुंडाळून, ओट्यावर येरझाऱ्या घालत सर सांगायचे, "रमाकांत, खुर्ची बनवणाऱ्याला आधी ठाऊक असतं खुर्ची कशासाठी. माणसाचं तसं नाही. माणूस आधी येऊन पडतो. कशासाठी ते नंतर, आणि तेही त्यानंच ठरवायचं. तू काय आहेस? तू मनात काय म्हणतोस ते नाहीस. तू जे करतोस ते आहेस. सबब सांगायला जागाच नाही. परिस्थिती, घर, स्वभाव, सगळ्या सबबी!" हे सगळं मला तोंडपाठ होतं. वीस मिनिटांत मी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. मी तिसरा, कुंदा चौथी.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत परीक्षक: एक निवृत्त मुख्याध्यापक, एक वकील आणि एका महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांच्या मागच्या रांगेत आम्ही स्पर्धक, आणि आमच्या मागे अंबुलगेकर सर. पहिल्या मुलानं संतवचनांची माळ लावली. दुसरीनं देशासाठी जगण्यात अर्थ आहे असं सांगितलं. टाळ्या पडल्या, पण घरच्या लग्नातल्या भाषणाला पडाव्यात तशा.

मी उभा राहिलो. सरांचीच वाक्यं, सरांच्याच चढउतारांनी, म्हणायला सुरुवात केली. माणूस आधी येतो, अर्थ नंतर येतो. खुर्चीचा दाखला दिला. दीड मिनिट झालं असेल. वकिलांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. हे मला ओळखीचं होतं. दुसऱ्या क्रमांकाचं भाषण चाललं की परीक्षक असेच दिसतात. वाईट नसतं, ऐकलेलं असतं.

मी थांबलो. लोकांना वाटलं, विसरला. सभागृह एकदम शांत झालं. आणि मी म्हणालो,

"माझा एक भाऊ होता."

मुख्याध्यापकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

पुढचं मी बोललो असं म्हणता येणार नाही, पण बोललो मीच. बावीस वर्षांचा भाऊ. किडन्या. दोन महिने. उशांना टेकून बसलेला. रेडिओ. बोटांना चिंधीनं बांधलेली पेन्सिल. "मी चिडून विचारलं, आता कशाला रे? तो म्हणाला, सकाळ होतेच ना. मग तिचं काहीतरी करायला पाहिजे." इथं मी आवाज खाली आणला. मागच्या बाजूला कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी कुंदाच्या रांगेकडे पाहत नव्हतो. पाहायचं नाही हे भान मला पूर्ण होतं, म्हणजे बाकीचंही भान होतंच.

सहाव्या मिनिटाची घंटा वाजली. शेवट हवा होता. कुंदाच्या गोष्टीला शेवट नव्हता. तो मी केला.

"त्याच्या वहीचं शेवटचं पान घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. मी सहा महिने शॉर्टहँड शिकलो, मित्रहो. फक्त एका पानासाठी. आणि एक दिवस ते पान मला वाचता आलं. तिथं देव नव्हता, निरोप नव्हता, तक्रार नव्हती. तिथं लिहिलं होतं: उद्या सकाळी रेडिओ लावायला विसरू नका." मी एक श्वास घेतला. तो घेताना घशात काहीतरी अडकलं, आणि मी ते अडकू दिलं. "जगण्याला अर्थ असतो का? मला माहीत नाही. आमच्या घरी रोज सकाळी रेडिओ लागतो."

टाळ्या किती वेळ चालल्या, ते मी आजही सांगू शकतो. पुढच्या स्पर्धकाचं नाव दोनदा पुकारावं लागलं.

कुंदा माझ्या समोरून वर गेली. नेहमीसारखीच, सावकाश. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला खाली होता, तो तिनं वर केला.

"सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक," ती म्हणाली. "जगण्याला अर्थ असतो का, हे मला माहीत नाही. वीस मिनिटांत मला सापडला नाही. ज्याला सापडला असेल त्याला पहिला नंबर द्या. मला एवढंच म्हणायचं आहे."

ती खाली उतरली. काही लोक हसले, काहींना ती खिलाडूवृत्ती वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. निकालाआधीच्या मनोगतात मुख्याध्यापकांनी सौम्य शब्दांत सांगितलं की, नावाजलेल्या वक्त्यांनीही तयारीशिवाय मंचावर येऊ नये, तो श्रोत्यांचा अवमान असतो. मग त्यांनी माझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज भरून आला.

तिसरा क्रमांक, दुसरा क्रमांक. मग माझं नाव. खालून वर जाताना मी धावलो.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. खांद्याला कापडी पिशवी. मी करंडक घेऊन दारातून बाहेर आलो आणि परत आत जाता आलं नाही, मागून लोक येत होते. मला वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. लोकांसमोर ओरडली असती तर मी काय म्हणणार होतो, तेही मी मनात जुळवून ठेवलं होतं: हरली म्हणून बोलते आहे.

"देवणीकर," ती म्हणाली. "शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते तुला कसं कळलं?"

"कळलं नाही. म्हणजे... ते मी असंच... बनवलं."

"बनवलंस."

"भालशंकर, ऐक. विषयच असा आला. मी ठरवून नाही केलं. तोंडातून निघून गेलं."

"पाच मिनिटं?"

मी करंडक दुसऱ्या हातात घेतला. माझ्यामागून आलेल्या दोन बायका थांबल्या. त्यातल्या एकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळा, आईला जप," ती म्हणाली. कुंदानं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

"तू अण्णाची गोष्ट घेतलीस, त्याचं मला एवढं नाही," ती म्हणाली. "मी सांगितली, तू घेतलीस. मीच सांगायला नको होती. पण ते पान मी चार वर्षं कुणाला वाचू दिलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते तसंच हवं होतं. आता मी ते उघडलं की मला तुझंच वाक्य ऐकू येणार. टाळ्यांसकट."

"मी माफी मागतो."

"कुणाची?"

तिच्या मॅडम रिक्षा घेऊन आल्या. ती पिशवी सावरून बसली. रिक्षा वळताना तिनं मागे पाहिलं नाही. त्यानंतर मला ती कुठल्याही स्पर्धेत दिसली नाही. पुढच्या वर्षी सोलापूरहून दुसराच एक मुलगा यायला लागला. बरा बोलायचा.

परतीच्या एसटीत अंबुलगेकर सर माझ्याशेजारी बसले. बराच वेळ ते खिडकीबाहेरची ज्वारी बघत होते. येडशी गेल्यावर त्यांनी विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना रे?"

"हो सर."

"तुझा भाऊ? मागच्या महिन्यात आला होता तुझा डबा घेऊन. शशिकांत ना?"

"हो सर. बरा आहे."

सरांनी मफलर सैल केला, पुन्हा गुंडाळला. मला वाटलं, आता ते बोलतील. मी तर वाटच बघत होतो. दोन वर्षं ज्यांनी मला सबबीला जागा नाही असं शिकवलं, ते एक वाक्य बोलले असते तर मी पुढच्या थांब्यावर उतरून करंडक परत करायला बार्शीची गाडी धरली असती, असं मी स्वतःला पुढे पुष्कळ वर्षं सांगत आलो. तीही एक सबबच.

"करंडक नीट धर," सर म्हणाले. "त्याचा एक कान सैल आहे. प्राचार्यांच्या टेबलावर जायचाय तो."

घर आमचं उदगीरला. वडील पोस्टातून निवृत्त झालेले. शशीभाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा त्यानं कॉलेज सोडलं आणि एसटीच्या वर्कशॉपात लागला, मी मात्र लातूरला राहून शिकावं असं त्यानंच ठरवलं. "घरात एकाला तरी चारचौघांत बोलता आलं पाहिजे," असं तो म्हणायचा. स्वतः फार बोलायचा नाही.

शनिवारी मी प्रमाणपत्र घेऊन घरी गेलो. आईनं शिरा केला. शशीभाऊनं प्रमाणपत्र दोनदा वाचलं, कडेला बोटांचे डाग पडू नयेत म्हणून तळहातांवर धरून. "पहिला," तो म्हणाला. "शेवटी पहिला." विषय काय होता, काय बोललास, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, बार्शी लांब आहे.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. शशीभाऊ दाढी करत होता, तोच उघडायला गेला. बाहेर बिराजदार काका, वडिलांबरोबर पोस्टात असलेले. अंगात पांढरा सदरा, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र, आणि चेहरा सुतकाला आल्यासारखा. गालाला साबण लावलेल्या शशीभाऊकडे ते बघतच राहिले.

"तू..." काका म्हणाले. "अरे, तू..."

"या ना काका," शशीभाऊ म्हणाला. "बाबा आत आहेत."

काका आत आले, पण बसले नाहीत. वर्तमानपत्र त्यांनी वडिलांच्या हातात दिलं, मग वडिलांना दिसत नाही हे आठवून परत घेतलं आणि शशीभाऊला दिलं. "काहीतरी घोटाळा झालाय," एवढं म्हणून, चहाला न थांबता ते गेले.

आतल्या पानावर दोन बोटं रुंदीची बातमी होती. शशीभाऊनं ती उभ्यानंच मोठ्यानं वाचली. वडिलांना रोजचा पेपर तोच वाचून दाखवायचा, त्याच आवाजात. "बार्शी, वार्ताहराकडून. दिवंगत भावाच्या आठवणींनी सभागृह हेलावून सोडणारा उदगीरचा रमाकांत देवणीकर यंदाच्या करंडकाचा मानकरी ठरला. मूत्रपिंडाच्या विकारानं ऐन तारुण्यात निधन पावलेल्या आपल्या थोरल्या भावाच्या..."

तो थांबला. गालावरचा साबण वाळत आला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिनं काहीच विचारलं नाही. माझ्याकडे बघत नुसती म्हणाली, "कसं बोलवलं रे तुला?"

"छापणाऱ्याची चूक असेल," वडील घाईघाईनं म्हणाले. "हे पेपरवाले कुणाचं कुणाला लावतात. दुसऱ्याच कुणाचं असेल ते. होय ना रमाकांत?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी ‘होय’ म्हणणारच होतो.

"चूक कशी असेल, बाबा?" शशीभाऊ म्हणाला. "नाव, गाव, सगळं बरोबर आहे." त्यानं पेपरची घडी घातली आणि तो कॉटवर बसला. "म्हणून दाखव."

"काय?"

"भाषण. पहिला नंबर आलाय ना? आम्ही कधी ऐकलं नाही तुझं एकही. म्हणून दाखव."

"भाऊ, राहू दे ना."

"म्हण रे. मला बघायचंय."

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. म्हणायला लागलो तेव्हा आवाज फुटत नव्हता. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुढे ढकलत होतो. खुर्चीचा दाखला झाला. मग मी म्हणालो, "माझा एक भाऊ होता," आणि का कोण जाणे, तिथून आवाज सुटला. बार्शीला लागला होता तसाच लागला. पेन्सिल बांधलेली चिंधी आली, तिथं मी हात उचलला. सकाळ होतेच ना, इथं आवाज खाली आला. समोर शशीभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, जिवंत, अर्ध्या गालावर दाढी, आणि मी त्याच्याकडे बघत, त्याच्याच मरणाची गोष्ट सांगत होतो. शेवटच्या पानाशी आलो. श्वास घेतला. घशात काहीतरी अडकलं. त्याच जागी. तेवढंच.

आई आत निघून गेली. वडील मान खाली घालून बसले होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. भाषणामुळे की माझ्यामुळे, कुणास ठाऊक.

शशीभाऊ उठला. "चांगलं आहे," तो म्हणाला. "मलासुद्धा वाईट वाटलं माझ्याबद्दल." मग आरशासमोर जाऊन त्यानं पुन्हा साबण लावायला घेतला. माझ्याकडे पाठ करूनच पुढचं बोलला. "मेलो ते बरं झालं, रमाकांत. नाहीतर तू दुसरा आला असतास."

त्या आठवड्यात मी सोलापूरला पत्र लिहायला तीनदा बसलो. कुंदाच्या कॉलेजचा पत्ता माझ्याकडे होता. ‘प्रिय’ लिहावं की नुसतं ‘भालशंकर’, यावरच अडलो, असं मला आठवतं. पत्र गेलं नाही.

पंधरा दिवसांनी अमरावतीला स्पर्धा होती. वर्षातली सगळ्यांत मोठी. तिथं विषय ऐच्छिक असायचा. आदल्या आठवड्यात अंबुलगेकर सरांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं पोहे दिले. सर ओट्यावर येरझाऱ्या घालत होते.

"काय घेणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"बघतो सर. दोन विषय आहेत डोक्यात."

"हं." एक येरझार झाली. "बार्शीचं चांगलं बसलं होतं." दुसरी झाली. "अर्थात, निवड तुझी."

बार्शीला मला विचार करायला दोन-तीन सेकंद मिळाले होते. अमरावतीसाठी पंधरा दिवस मिळाले. त्या पंधरा दिवसांत मला भूक लागत होती, झोप लागत होती, वर्गात हजेरी लागत होती. रात्र-रात्र तळमळलो असं सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. सरांच्या खुर्चीचा दाखला मी काढून टाकला, त्यानं सुरुवात रेंगाळत होती. भाषण ‘माझा एक भाऊ होता’ इथूनच सुरू केलं. चिंधीला रंग दिला, निळा. तपशील असला की लोकांना दिसतं.

अमरावतीहून येताना मी लातूरला उतरलो नाही. थेट उदगीरला गेलो, का ते माहीत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला गाडी आगारात शिरली. वर्कशॉपच्या शेडमध्ये शशीभाऊ एका गाडीखाली झोपून काम करत होता, फक्त पाय बाहेर. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याला बूट ओळखू आले असावेत. तो सरकत बाहेर आला, बसला, हात पुसायला कापसाचा बोळा शोधायला लागला. मी तो त्याच्या हातात दिला.

"कितवा आलास?" त्यानं विचारलं.

"पहिला."

त्यानं एकेक बोट पुसलं. पहिला म्हटल्यावर त्याला आणखी काही विचारावं लागलं नाही. करंडक माझ्या पिशवीतून अर्धा बाहेर आला होता, त्याकडे त्यानं पाहिलं.

"हे लातूरला घेऊन जा. घरी आणू नकोस," तो म्हणाला. "आणि आईला काही सांगू नकोस. मी सांगतो, दुसरा आला म्हणून."

आणि तो पुन्हा गाडीखाली सरकला.